हळदीत भिजवलेली चिंधी

“पाव्हणं, नाक काय म्हंतंय?”

एकतीस वर्षं झाली, पण हा आवाज अजून माझ्या उजव्या कानात आहे. उजव्याच, कारण स्टेअरिंग उजवीकडं आणि मामा तिथं बसायचे. इंजिनाच्या घरघरीतून वाट काढत तो यायचा, थोडा चढा, थोडा लाडिक. मी खिडकीची काच खाली करायचो, मान बाहेर काढायचो, दोनदा दीर्घ श्वास ओढायचो आणि सांगायचो, “काय न्हाई, मामा. नुसतं डिझेल.” मग ते “हां” म्हणायचे आणि पुढच्या गिअरला हात घालायचे.

मामा म्हणजे हिंदुराव जगदाळे, माझे सासरे. आम्ही दोघं एकाच टँकरवर होतो. ते पहिले ड्रायव्हर, मी दुसरा. कोकणातल्या एका कारखान्यात अमोनिया भरायचा, कुंभार्ली घाट चढून वर यायचं आणि सांगलीकडच्या डेपोत तो रिकामा करायचा. तिथून तो बर्फाच्या कारखान्यांना आणि बेदाण्याच्या शीतगृहांना जायचा. लोकांच्या ताटात थंडगार काहीतरी पडायचं, त्याच्या मागं आमच्या पाठीवरचा हा माल असायचा.

पहिल्याच खेपेला मामांनी मला सांगितलं होतं, “पाव्हणं, ह्यो वायू तान्हेला असतोय. पाणी दिसलं की धावला. आन् माणसात पाणी कुठं असतंय? डोळ्यात, घशात, छातीत. म्हणून त्याला बाटलीत निजवून न्यायचा. जागा झाला तर आदी आपल्याला कळलं पायजे, गावाला न्हाई.”

लग्नाआधी मी गुळाचा टेम्पो चालवायचो. वैजूशी माझं लग्न झालं आणि तिसऱ्याच महिन्यात मामा घरी आले. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, “टेम्पो सोडा. माज्यासंगं या.” भावकीत महिनाभर चेष्टा चालली होती. कुणी म्हणालं, सासऱ्यानं जावई दावणीला बांधला. मलाही आतून तेच वाटत होतं, की पोरगी दिल्यावर माणूस कसा आहे हे बघायला म्हाताऱ्यानं मला डोळ्यासमोर ठेवलंय.

सासरा आणि जावई एका केबिनीत म्हणजे काय असतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. मी त्यांच्यासमोर तंबाखू मळायचो नाही. पाय वर घेऊन बसायचो नाही. त्यांचीही तीच गत. तीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस, तोंडात शिव्यांचा मळा, पण जावयापुढं एकही उगवायची नाही. एकदा घाटात शेळी आडवी आली. मामांनी करकचून ब्रेक दाबला, शिवी ओठांपर्यंत आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “अगं ए… शेळीबाई!”

मी पोट धरून हसलो. तेही हसले. पण हसून झाल्यावर पुन्हा दोघं आपापल्या जागी सावरून बसलो.

आणखी एक गोष्ट होती. टँकरच्या मागच्या बाजूला व्हॉल्व्हची पेटी असते. मामा त्या पेटीत एक पिवळी चिंधी बांधायचे. जुन्या धोतराची, हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. प्रत्येक थांब्यावर चहाच्याही आधी ते मागं जायचे, बाटलीतलं पाणी त्या चिंधीवर शिंपडायचे आणि तिच्याकडं टक लावून बघत राहायचे. मला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. कुणी लिंबू-मिरची बांधतं, कुणी काळी बाहुली. आमच्या गाडीला हळदीची चिंधी.

त्या चिंध्या मामी घरी करायच्या. मामींचं नाव आक्काताई. सांगलीच्या बाजारातनं आणलेली हळकुंडं त्या स्वतः कुटायच्या, आणि परातीत चिंध्या बुडवताना काहीबाही गुणगुणायच्या. एकदा मी दारात उभा राहून ऐकलं होतं:

पिवळी माझी चिंधी, बांधिते चाकामागं
सख्याच्या वाटंवरी, तिनं राहावं गं जागं

मला बघून त्या थांबल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “जावईबापू, ह्यास्नी जपा हं.” मी म्हणालो, “मामी, मामाच मला जपत्यात.” त्यावर त्या काहीतरी बोलणार होत्या. पण परातीकडं वळल्या.

आता त्या पहिल्या वर्षातली फजिती सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. श्रावणात कऱ्हाड सोडून थोडं पुढं आलो होतो. मला वास आला. झोंबणारा, उग्र. मी ओरडलो, “मामा, थांबवा! गळतंय!” मामांनी एक अक्षर न विचारता गाडी मोकळ्या जागेत घेतली, इंजिन बंद केलं, मास्क चढवला आणि मागं गेले. पेटी उघडली, चिंधी बघितली, एकेक व्हॉल्व्ह चाचपला. अर्धा तास गेला. काहीच नव्हतं. मग रस्त्याच्या पलीकडं माझं लक्ष गेलं. कोंबड्यांची लांबच लांब शेड होती. खालची घाण पावसानं भिजून तिचा वास सुटला होता, अगदी तसाच.

मामा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “ब्येस केलंसा.” पण ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला तो टोमणा वाटला. आणि उशीर का झाला हे डेपोत सांगावं लागलं, तेव्हा गेटवरच्या रंगरावानं ते उचललं ते उचललंच. गाडी दारात आली की हा खिडकीशी यायचा. “काय उत्तमराव, आज गावरान का ब्रॉयलर?” चार माणसं हसायची. मामा हसायचे नाहीत, पण त्यांना गप्प करायचेही नाहीत. मी मनात गाठ मारली, की पुन्हा म्हणून मामांच्या आधी तोंड उघडायचं नाही. तीस वर्षांच्या नाकापुढं आपलं वर्षभराचं नाक कशाला मिरवायचं?

आमच्या दोघांची शेवटची खेप होती ती माघातली. सोमवार होता. ऊन सौम्य होतं, दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते आणि पाठीमागून पश्चिमेचं मंद वारं होतं. मोठ्या रस्त्याचं काम निघाल्यामुळं आम्हाला आतल्या रस्त्यानं पाठवलं होतं. खड्डे एवढे, की गाडी वाटेनं चालतेय का ओढ्यातनं, कळू नये. वाटेत आम्ही चहाला थांबलो. मामांनी चिंधी बघितली. पिवळीधमक होती. गाडी पुन्हा सुटली.

पावणेतीनच्या सुमाराला कोंबड्यांची एक शेड आली. आणि वास आला.

खड्ड्यांसाठी मामांनी गाडी हळू केली होती, मागचं वारं केबिनीत शिरलं होतं. मी मामांकडं बघितलं. चेहरा शांत, नजर रस्त्यावर. भुवईसुद्धा हलली नव्हती.

“पाव्हणं, नाक काय म्हंतंय?”

“कोंबड्या हायत्या, मामा.”

“नुसत्या कोंबड्या?”

“व्हय. ती काय शेड.”

“हां,” मामा म्हणाले.

शेड मागं पडली. रस्ता बरा लागला, गाडीनं वेग घेतला आणि वास गेला. मी सुटकेचा श्वास सोडला. पुन्हा खड्डे आले, गाडी मंदावली आणि वास परत आला. आता शेड दोन-तीन किलोमीटर मागं होती. आजूबाजूला नुसता ऊस.

मी पुन्हा मामांकडं बघितलं. ते तसेच शांत. मी मनाला सांगितलं, एवढा वास आला असता तर मामांनी कधीच ब्रेक दाबला असता. म्हणजे वास नाहीच. तुझ्या नाकात कोंबड्या बसल्यात, उत्तम. रंगराव खिडकीशी येऊन दात काढताना मला दिसायला लागला.

“नाक काय म्हंतंय?” मामांनी पुन्हा विचारलं. या वेळी जरा लवकर, आणि रस्त्यावरची नजर क्षणभर माझ्याकडं वळवून.

“काय न्हाई, मामा.”

मी काचेतनं मान बाहेर काढली नव्हती. त्यांनी ते बघितलं. नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

पुढं आठ किलोमीटर वास यायचा, जायचा. प्रत्येक खड्ड्याला मी तोंड उघडायचो आणि मिटायचो. मग चढ संपला आणि खाली हिंगणेवाडी दिसली. सोमवार म्हणजे तिचा बाजार. पांढरी, निळी पालं, बैलगाड्या, माणसांचा नुसता गजबजाट, आणि रस्ता थेट त्या बाजाराच्या मधून गेलेला. वारं आमच्या पाठीवरून गावाकडंच चाललं होतं.

मी आरशात बघितलं. आमच्या मागं एक सायकलवाला येत होता, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेला. त्यानं अचानक एका हातानं धोतराचा सोगा तोंडावर दाबला, सायकल डगमगली, किटल्या आडव्या झाल्या आणि तो रस्त्याच्या कडेला बसून खोकायला लागला.

“मामा, थांबवा!” मी किंचाळलो. “गळतंय! कोंबड्या न्हाईत!”

मामांनी आरशातसुद्धा बघितलं नाही. गाव दीड किलोमीटरवर होतं. त्यांनी गाडी डावीकडच्या मोकळ्या माळावर घातली, पार आत नेली, इंजिन बंद केलं. खाली उतरून मूठभर माती वर उडवली. माती उगवतीकडं, ओढ्याच्या अंगाला वाहत गेली. गाव आता उजव्या हाताला बाजूला राहिलं होतं; तिकडं घर नव्हतं, माणूस नव्हतं.

“चाकांना ठोकळे लावा. मग रस्त्यावर पळा. दोन्ही बाजूंनी माणूस थांबवा, आन् सगळ्यास्नी मावळतीकडं न्या. त्या सायकलवाल्याचे डोळे पाण्यानं धू. भरपूर धू, थांबू नगंस!”

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं.

मी पळालो. सायकलवाल्याला उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं, कॅनमधलं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिलो. तो रडत होता आणि दुधाचं नाव घेत होता. तेवढ्यात बाजाराला निघालेल्या माणसांची बैलगाडी आली, मागून एसटी. मी हात आडवे करून उभा. डोक्यावर वांग्याची पाटी घेतलेली एक म्हातारी मला हटेना.

“माजी वांगी सुकत्यात की रं, मुडद्या! कशापायी अडवतुयास?”

“आज्जी, इखारी वायू हाय त्यो! तिकडं मावळतीकडं तोंड करून बसा.”

“आन् त्यो म्हातारा मग तितं काय करतुया?”

मी वळून बघितलं. मामा पेटीपाशी होते. मास्क, हातमोजे, चष्मा. त्यांनी पेटी उघडली आणि आतली चिंधी बाहेर काढून उजेडात धरली. एवढ्या लांबून मला दिसली. पिवळी राहिली नव्हती. हळदीचं कुंकू झालं होतं.

तेव्हा मला कळलं, की ती चिंधी दृष्टीसाठी नव्हती. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तशीच अमोनियानं होते. चिंधी मुकी होती, पण बोलत होती.

पाना घेऊन मामा वाकले. खड्ड्यांनी एका व्हॉल्व्हचं नट सैल झालं होतं. पाव आटा फिरवला. थांबले. आणखी थोडा. मग खिशातनं नवी चिंधी काढली, ओली केली, पेटीत बांधली आणि तिच्यापुढं उभे राहिले, देवापुढं उभं राहावं तसे. दहा मिनिटं. रस्त्यावर शंभर माणसं गोळा झाली होती. आज्जीनंही पाटी खाली ठेवली होती.

चिंधी पिवळीच राहिली.

मामांनी हात वर केला. मी धावत गेलो. जवळ पोचलो तर पेटीच्या आसपास अजून इतका वास कोंडलेला, की मी टॉवेल नाकाला लावून पाच पावलं मागं आलो. मामांनी मात्र मास्क काढून हातात घेतला होता. त्यांच्या डोळ्यांतनं पाण्याच्या धारा लागल्या होत्या. पण नाक मुरडलं नव्हतं, हातही नाकाकडं गेला नव्हता. मी बघत राहिलो. त्यांनी माझी नजर ओळखली आणि तोंड फिरवलं.

एसटीच्या कंडक्टरनं गावातल्या पोस्टातून डेपोला फोन केला. तासाभरात जीप आली. सुरक्षा अधिकारी देवस्थळी साहेब आणि दोन फिटर. फिटरनी सगळं तपासलं, नट पक्कं केलं. सायकलवाल्याला एसटीनं दवाखान्यात धाडलं. त्याचे डोळे उघडले होते, आणि सांडलेल्या दुधावरनं तो आता रीतसर शिव्या देत होता. ते ऐकून आम्हाला बरं वाटलं.

देवस्थळी साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला.

“हिंदुराव, आज बाजारात काय झालं असतं याचा विचारसुद्धा करवत नाही,” ते म्हणाले. “तीस वर्षांचं नाक ते! नव्या पोरांना शिकवायला तुम्हालाच बोलावणार आहे मी.” आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले, “चालकाने वासावरून गळती तत्काळ ओळखून…”

“साहेब, जरा पेन थांबवा.”

मामांनी टोपी काढली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. घराची एक भिंत अर्धी बांधून उभी होती, धाकट्या मेव्हणीचं लग्न व्हायचं होतं. त्यांनी फक्त मान हलवली असती तरी चाललं असतं.

“माज्या नाकानं न्हाई वळाकलं,” ते म्हणाले. “माज्या नाकाला चार वरीस वासच न्हाई. एका तापात गेला, त्यो माघारी आला न्हाई. फोडणी करपली तर कळत न्हाई. देवाम्होरं उदबत्ती लावली, तर पेटली का इझली त्ये डोळ्यानं बघावं लागतंय. डोळ्याला झोंबंल तवाच कळायचं, आन् तवर उशीर झालेला असतोय.”

साहेबांचं पेन तसंच राहिलं. “आणि चार वर्षं तुम्ही अमोनिया वाहताय?”

“व्हय. चुकलं माजं. आदी तीन सालं नुसत्या चिंधीवर काढली. आक्कानं हळदीची युक्ती सांगितली. तिला एकटीला ठावं हुतं. पर चिंधी थांब्यावर बोलती, चालत्या गाडीत न्हाई. मग जावई शोधला.”

“म्हणजे?”

मामा माझ्याकडं न बघता बोलत होते. “पोरगी बघायला आल्ते त्या दिशी पोहे समद्यांनी वाखाणलं. ह्ये म्हणाले, आत दूध लागलंय वाटतं. ह्यांचा बा पायानं डिवचतोय, ह्यांचा सख्खा मामा चिमटं काढतोय, ह्ये आपले म्हणत्यात, लागलंय खरं! आमची आक्का आत पळाली, तर खरंच दूध लागलं हुतं. मी तितंच ठरवलं. नाक बी खरं, जीभ बी खरी. पोरगी हितंच द्यायची, आन् गाडीवर बी ह्यालाच घ्यायचा.” मग ते जरा हसले. “ह्यास्नी वाटायचं, मी ह्यांच्यावर नजर ठिवतोय. मी ह्यांच्या जिवावर बसलो हुतो, साहेब.”

मला कुठं बघावं कळेना. माळावर वारं होतं. उसाचे तुरे एकाच दिशेला वाकले होते.

“माजं काय करायचं त्ये करा,” मामा म्हणाले. “लायसन काढून घ्या. ह्या हातानं आता टँकर न्हाई चालवायचा, त्ये मीच सांगतो. पर कागदावर खरं लिवा. दुसऱ्या ड्रायव्हरला वास आला, त्यानं आल्याबरुबर सांगितलं, आन् हिंगणेवाडी वाचली. उत्तम बाबूराव शिंदे. पुरं नाव लिवा.”

देवस्थळी साहेबांनी आधीची ओळ खोडली. चष्मा वर केला आणि माझ्याकडं वळले.

“उत्तमराव, वेळ टाकायची आहे. वास नेमका कधी आला?”

मामांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं पूर्ण बघितलं. लेकाकडं बघावं तसं. त्या बघण्यात एवढं कौतुक होतं, की गप्प राहणं सोपं होतं. ‘गाव दिसलं तेव्हा’, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. साहेबांनी लिहिलं असतं, मामी ऐकून सुखावल्या असत्या, वैजूनं दहा घरी सांगितलं असतं.

“पावणेतीनला, साहेब,” मी म्हणालो. “हितनं अकरा किलोमीटर मागं, कोंबड्यांच्या शेडपाशी. मामांनी दोनदा इचारलं. पहिल्यांदा मी कोंबड्या म्हणलो, तवा मलाच धड ठावं नव्हतं. दुसऱ्यांदा ठावं हुतं, मामा. तुमी सवताहून वास आला म्हणला न्हाईसा, म्हणून दुसऱ्यांदा मी खोटं बोललो.”